रबरी बोट आणि आउटबोर्ड घेताना या चुका टाळा

दिवाळी आटोपते, समुद्र निवळतो आणि मालवण, तारकर्ली, देवबागला डिकीत घडी घातलेली रबरी बोट घेऊन लोक यायला लागतात. बोट नवी, तिच्या मागे अडकवायचं मशीन, म्हणजे आउटबोर्ड, नवं, हौस दांडगी. चुका मात्र दरवर्षी त्याच. मी मशीनं दुरुस्त करतो, फाटलेल्या बोटी चिकटवतो आणि वेळ पडली तर ओढूनही आणतो. बहुतेकांची चूक पाण्यावर जाण्याच्या कितीतरी आधी, खरेदीच्या वेळीच झालेली असते. बोट बाहेर कशी जाईल याचा विचार सगळे करतात. परत कशी येईल, हा प्रश्न दुकानात कोणी विचारत नाही.

खोक्यावरचा माणसांचा आकडा

खोक्यावर ‘4 माणसं’ लिहिलेलं असतं आणि घरात चार माणसं असतात, म्हणून ती बोट घेतली जाते. ट्रान्समवर, म्हणजे मशीन अडकवायच्या मागच्या फळीवर, एक पट्टी असते, ती वाचा. तिच्यावर एकूण वजन किलोत दिलेलं असतं. त्यात माणसांबरोबर मशीन, पेट्रोल, नांगर आणि पिण्याचं पाणी हे सगळं धरायचं. मी समुद्रासाठी खोक्यावरच्या आकड्यातून सरळ दोन माणसं वजा करतो.

त्याच पट्टीवर बहुधा सी किंवा डी अक्षर असतं. ही युरोपातली वर्गवारी आहे. डी म्हणजे साधारण एक फुटाच्या आतल्या लाटा, अर्थात तलाव, धरण, आतली खाडी. मुळशीला डी चालेल, देवबागच्या संगमाबाहेर चालणार नाही. किनाऱ्यासाठी सी घ्या आणि लांबी तीन मीटरच्या खाली नको. तळ प्लायवूडचा किंवा ॲल्युमिनियमचा असावा. नुसत्या पट्ट्यांचा तळ असेल तर ती बोट मी समुद्रात घालत नाही.

‘2.5 एचपी पुरेल की!’

हे वाक्य मला सगळ्यात जास्त खुपतं, कारण ते धरणावर शंभर टक्के खरं असतं. 2.5 एचपीचं मशीन सतरा-अठरा किलोचं, एका हातात येतं, स्वस्त पडतं. लहान बोटीला शांत पाण्यात ते ताशी सात किलोमीटरच्या आसपास वेग देतं. पण समोरून ओहोटीचं पाणी आणि वर वारा आला की त्यातलं काय उरतं?

थंडीतल्या एका सकाळी दोन मित्र देवबागहून निघाले. बोट 2.7 मीटरची, तळ हवेचा, मशीन 2.5 एचपी. कर्ली खाडीचं पाणी ओहोटीने जोरात बाहेर चाललं होतं. थंडीत पहाटेपासून जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा सुटतो, तोही पाठीशी. बोट अशी पळाली की मशीन जबरदस्त आहे असं दोघांना वाटलं. तोंड फिरवलं आणि बोट जागच्या जागी उभी राहिली. रबरी बोट पाण्याच्या वरच जास्त असते, वारा तिला पकडतो. पूर्ण थ्रॉटल दिला तर नाक वर उचललं जायचं आणि वारा आणखी खाली शिरायचा.

या मशीनच्या अंगच्या टाकीत जेमतेम लिटरभर पेट्रोल मावतं. पूर्ण थ्रॉटलवर ते तासभरसुद्धा पुरत नाही. ते संपल्यावर हलत्या बोटीत कॅनमधून ओतायला गेले, तर निम्मं तळात सांडलं. वल्ही होती, पण खेळण्यातली. नांगरही होता, पण त्याला दहा मीटर दोरी, त्यामुळे तो धरलाच नाही. जाळी ओढून परतणाऱ्या एका पातीने, म्हणजे मासेमारीच्या होडीने, त्यांना पाहिलं आणि दोरी बांधून आणलं. किनाऱ्यावर त्या पातीचा म्हातारा तांडेल एवढंच म्हणाला, “वारो कसलो आसा ता बगल्याशिवाय होडी लोटूची नाय.”

नांगराला पुरेशी दोरी असती तर दोघं आहे तिथेच थांबू शकले असते. दहा-अकराच्या सुमाराला मतलई पडतो आणि नंतर समुद्राकडून खारा वारा येतो, तो उलट घराकडेच ढकलतो. म्हणून माझ्या बोटीत खोलीच्या पाच ते सातपट दोरी असते आणि नांगराजवळ दोन मीटर साखळी.

मशीनबद्दल माझं मत सांगतो. 3.3 मीटरची बोट आणि दोन माणसं असतील तर 8 ते 9.9 एचपी, तेही पट्टीवरच्या कमाल आकड्याच्या आत. त्या आकड्याच्या वर अर्धा एचपीसुद्धा नको, कारण ट्रान्समचा जोड तिथूनच सुटतो. चार-स्ट्रोक 9.9 चं वजन चाळीस किलोच्या आसपास जातं. ते वाळूतून कोण उचलणार, हे पैसे देण्याआधी ठरवा. आणि निघाल्यावर पाच मिनिटांत एकदा मागे वळून बघायचं: तोंड घराकडे केल्यावर बोट पुढे सरकते का? सरकत नसेल तर त्या दिवशी खाडीच्या आतच फिरा. हे मी अजूनही दर वेळी करतो.

लांब शाफ्टचं स्वस्त मशीन

मासेमारीच्या होडीवरून उतरवलेलं, बहुधा केरोसीनवरचं मशीन कमी पैशात मिळतं आणि लोक ते उचलतात. त्याचा शाफ्ट, म्हणजे पंख्यापर्यंत खाली जाणारा दांडा, वीस इंची किंवा त्याहून लांब असतो. लहान रबरी बोटीचा ट्रान्सम असतो पंधरा इंच. मग पंखा नको तितका खाली जातो, वाळूत घासतो, वळताना बोट कलते. उलट शाफ्ट आखूड पडला तर पंखा हवा ओढतो, मशीन किंचाळतं आणि बोट हलत नाही. ट्रान्समच्या वरच्या कडेपासून तळापर्यंत मधोमध टेपने मोजा. पंख्याच्या वरची आडवी पट्टी बोटीच्या तळाशी समपातळीत किंवा फार तर इंचभर खाली हवी. फळी ठोकून ट्रान्सम उंच करण्याचा जुगाड माझ्याकडे आणू नका, मी तो करत नाही.

कार्ब्युरेटरमध्ये राहिलेलं पेट्रोल

माझ्याकडे येणाऱ्या ‘मशीन चालू होत नाही’ या तक्रारींचं सगळ्यात मोठं कारण हेच आहे. आता पंपावर 20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. बऱ्याच आउटबोर्डच्या पुस्तिकेत 10 टक्क्यांपर्यंतच परवानगी असते. त्यामुळे घेण्याआधी ते पान उघडून दाखवायला सांगा. इथेनॉल हवेतली ओल शोषतं आणि कोकणात ओलीला तोटा नाही. पाणी पुरेसं जमलं की ते इथेनॉलसकट खाली बसतं आणि नेमकं तेच आधी कार्ब्युरेटरमध्ये येतं. शिवाय उभं राहिलेलं पेट्रोल चिकट होतं आणि जेटचं, म्हणजे कार्ब्युरेटरमधून पेट्रोल जाण्याचं बारीक भोक बुजतं.

माझी सवय अशी. परत आल्यावर गोड्या पाण्याच्या पिंपात मशीन दहा मिनिटं चालवायचं. शेवटी पेट्रोलची नळी काढायची आणि मशीन पाण्यातच असताना आपोआप बंद पडू द्यायचं. मग कार्ब्युरेटरखालचा स्क्रू सोडून उरलेले थेंब काढायचे. टाकीतलं पेट्रोल दोन-तीन आठवड्यांवर ठेवायचं नाही, उरलं तर गाडीत घालायचं. टू-स्ट्रोकला वेगळ्या तेलाचं मिश्रण लागतं, तेव्हा ते गाडीत नको. ‘उद्या परत जायचंच आहे’ म्हणून पिंप टाळणाऱ्यांच्या मशीनमधलं मीठ मी छिन्नीने काढलेलं आहे.

पिंपाशिवाय मशीन ‘फक्त दोन सेकंद’ सुरू करून बघू नका. पाणी ओढणाऱ्या पंपातला रबरी पंखा कोरडा फिरला की जळतो. मशीन चालू असताना मागून पाण्याची बारीक धार पडायलाच हवी. धार थांबली तर मशीन ताबडतोब बंद करा.

बाकीच्या, थोडक्यात

टू-स्ट्रोकला मोटरसायकलचं तेल घालू नका. पाण्याने थंड होणाऱ्या मशीनसाठी टीसी-डब्ल्यू3 लिहिलेलं तेल येतं.

पाच मिनिटांनी मशीन बंद पडतंय? आधी टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडा.

मनगटाची लाल दोरी मनगटालाच हवी. माणूस पडला की तिनेच मशीन थांबतं.

क्लॅम्प ढिले होतात, म्हणून मशीन बोटीला दोरीनेही बांधा.

चार-स्ट्रोक आडवं ठेवताना पुस्तिकेत दाखवलेल्या बाजूवरच ठेवा, नाहीतर तेल सिलिंडरमध्ये जातं.

गंजाची झीज स्वतःवर घेणाऱ्या जस्ताच्या तुकड्यावर रंग मारू नका.

पीव्हीसीची बोट फुगवून भर उन्हात वाळूवर सोडू नका, हवा तापून जोड सुटतात. पाण्यात टाकल्यावर ट्यूब थंड होऊन मऊ पडली तर तेव्हा पंप मारा.

जून ते ऑगस्ट बोट घरी ठेवा.

तटरक्षक दलाचा 1554 हा क्रमांक फोनमध्ये आणि फोन पाणी न शिरणाऱ्या पिशवीत ठेवा.

नोंदणी आणि परवान्याचं महाराष्ट्र सागरी मंडळाच्या बंदर कार्यालयात खरेदीआधीच विचारा.

जुनं मशीन बघायला जाल तेव्हा आधी डोक्यावरचं झाकण काढून हात लावा. गरम लागलं तर मालकाने ते तुम्ही यायच्या आधीच चालू करून ठेवलंय. दुसऱ्या दिवशी सकाळी परत जा आणि गार मशीन तुमच्यासमोर ओढायला लावा. गिअरचं तेल दुधासारखं निघालं, तर आत पाणी शिरलंय. सील बदलण्याचा खर्च किमतीतून वजा करून घ्या, नाहीतर ते तिथेच सोडा.