परदेशवारीसाठी फोनमधले ई-सिम: निघण्याआधी घरीच करायची तयारी

सांगली-मिरजेकडून परदेशी जाणाऱ्याचा प्रवास विमानात बसण्याच्या बराच आधी सुरू झालेला असतो. रात्रीची ट्रॅव्हल्स किंवा महालक्ष्मी एक्स्प्रेस पकडून मुंबई गाठायची, सामान सांभाळत विमानतळावर पोहोचायचे, तिथल्या रांगा पार करायच्या आणि मग पुढचे आठ-दहा तास विमानात काढायचे. एवढ्या दगदगीनंतर परक्या विमानतळावर उभे राहून फोनची सेटिंग्ज उलगडत बसणे कोणालाही जड जाते, आणि मुलाकडे किंवा मुलीकडे पहिल्यांदाच निघालेल्या आई-वडिलांना तर ते फारच जड जाते. म्हणून ई-सिमचे सगळे काम निघण्याच्या दोन-तीन दिवस आधी, घरच्या वाय-फायवर, शांतपणे उरकावे आणि तिकडे उतरल्यावर करण्यासाठी फक्त दोन बटणे शिल्लक ठेवावीत.

ई-सिम म्हणजे फोनमध्ये कारखान्यातच बसवलेली चिप. प्लास्टिकचे सिम काढण्या-घालण्याऐवजी कंपनीकडून आलेला क्यूआर कोड स्कॅन केला की त्या चिपमध्ये नव्या जोडणीची माहिती उतरते. जुने सिम जागचे हलत नाही, आणि प्रवाशाच्या दृष्टीने याचाच सर्वांत मोठा फायदा आहे: बँकेला जोडलेला आपला भारतीय नंबर फोनमध्ये चालू राहतो आणि इंटरनेटचा भार दुसऱ्या सिमवर जातो.

पैसे भरण्यापूर्वी आपला फोन ई-सिम घेतो की नाही, हे तपासावे. डायल करण्याच्या जागी *#06# दाबल्यावर पडद्यावर आयएमईआय क्रमांक दिसतात. त्यांच्यासोबत ‘ईआयडी’ असे लिहिलेला ३२ आकडी क्रमांकही दिसला, तर फोनमध्ये ई-सिमची सोय आहे. आयफोनमध्ये ही सोय २०१८ च्या एक्सएस आणि एक्सआर या मॉडेलांपासून आहे. सॅमसंगच्या महाग मालिकांत आणि गूगल पिक्सेलमध्येही ती मिळते. मात्र आपल्याकडे सर्रास विकल्या जाणाऱ्या स्वस्त फोनपैकी अनेकांत ती नसते. मुलाने अमेरिकेहून पाठवलेला आयफोन असेल, तर आणखी एक गोष्ट पाहावी. तिथले काही फोन एकाच कंपनीच्या सिमला बांधलेले असतात, आणि असा फोन दुसरे कोणतेही ई-सिम स्वीकारत नाही. सेटिंग्जमध्ये ‘जनरल’ आणि त्यात ‘अबाउट’ उघडून खाली गेल्यावर ‘कॅरिअर लॉक’ या ओळीसमोर ‘नो सिम रिस्ट्रिक्शन्स’ असे असले, तर काळजीचे कारण नाही. आयफोन १४ पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या आयफोनला सिमचा कप्पाच नसतो, त्यामुळे अशा फोनमध्ये भारतीय नंबरही ई-सिमवरच असतो. तरीही हे फोन दोन ई-सिम एकाच वेळी चालू ठेवू शकतात.

ज्यांच्या अँड्रॉइड फोनमध्ये आधीच दोन सिम आहेत, त्यांची अडचण वेगळी असते. फोनमध्ये साठवता कितीही सिम आली, तरी एका वेळी साधारणपणे दोनच चालू राहतात. त्यामुळे ई-सिम सुरू करण्यासाठी हातातल्या दोनपैकी एक सिम बंद करावे लागेल. बँक, आधार आणि यूपीआय ज्या नंबरला जोडलेले आहेत तो चालू ठेवावा आणि दुसरा बंद करावा. कोणता नंबर कुठे दिला आहे हे पुष्कळांना नक्की आठवत नाही. पासबुक आणि बँकेचे जुने संदेश पाहून त्याची खात्री घरीच करून घ्यावी.

आता पॅक निवडण्याकडे वळू. बहुतेक प्रवासी ई-सिम फक्त इंटरनेट देतात; त्यांत बोलण्यासाठी नंबर नसतो. पॅक घेताना देशांची यादी शब्दशः वाचावी. ‘युरोप’ असे नाव असलेल्या पॅकमध्ये स्वित्झर्लंड आणि ब्रिटन असतीलच असे नाही, कारण हे दोन्ही देश युरोपीय संघात नाहीत. आणि आपल्याकडून निघणाऱ्या सहलींत तर हमखास हेच दोन देश असतात. मुदत केव्हापासून मोजली जाते, हेही पाहावे. काही पॅकची मुदत ई-सिम फोनमध्ये उतरवल्या क्षणापासून सुरू होते, तर काहींची परदेशातल्या नेटवर्कला पहिल्यांदा जोडल्यावर. पहिल्या प्रकारचे पॅक चार दिवस आधी बसवले, तर ते चार दिवस वाया जातात. दुसऱ्या प्रकारचे खुशाल आधी बसवावे.

कोणाकडून घ्यायचे, याबाबत माझे मत ठाम आहे. परदेशी सिम भारतात विकण्यासाठी दूरसंचार विभागाची परवानगी लागते, आणि ती घेतलेले विक्रेते पासपोर्टची प्रत व प्रवासाची कागदपत्रे मागतात. जानेवारी २०२४ मध्ये अशी परवानगी नसलेल्या दोन परदेशी ई-सिम सेवांवर भारतात बंदी आली आणि त्यांची अ‍ॅप इथल्या अ‍ॅप स्टोअरमधून हटवली गेली. तेव्हा कागदपत्रे मागतात म्हणून वैतागण्यापेक्षा, काहीच न विचारता सिम देणाऱ्यापासून लांब राहावे. तीन-चार दिवसांचीच खेप असेल आणि जाणारी व्यक्ती फोनच्या सेटिंग्जना बिचकत असेल, तर आपल्याच कंपनीचा आंतरराष्ट्रीय रोमिंग पॅक थोडा महाग पडला तरी तोच घ्यावा.

पॅक घेतल्यावर ईमेलवर क्यूआर कोड येतो, आणि इथे एक साधी अडचण उभी राहते: ज्या फोनमध्ये ई-सिम बसवायचे, त्याच फोनच्या पडद्यावर कोड असेल तर कॅमेरा तो टिपणार कसा? कोडचा कागदावर प्रिंट काढून घेणे, हा सगळ्यांत सोपा उपाय. तो कागद पासपोर्टच्या पाकिटात ठेवला म्हणजे अडचणीच्या वेळी ग्राहकसेवेला द्यायचा तपशीलही हाताशी राहतो. ज्या आयफोनमध्ये आयओएस १७.४ किंवा त्यापुढची आवृत्ती आहे, त्यांत कोडच्या चित्रावर बोट दाबून धरले की ‘अ‍ॅड ई-सिम’ हा पर्याय येतो.

आयफोनमध्ये सेटिंग्जमधला मोबाइल सेवेचा विभाग उघडून ‘अ‍ॅड ई-सिम’ निवडावे. सॅमसंगमध्ये ‘कनेक्शन्स’, त्यात ‘सिम मॅनेजर’ आणि त्यात ‘अ‍ॅड ई-सिम’ असा मार्ग आहे. कोड स्कॅन केल्यावर मिनिट-दोन मिनिटे थांबावे लागते. तेवढ्या वेळात वाय-फाय तुटू देऊ नये आणि मागे जाण्याचे बटण दाबू नये. मग फोन नव्या सिमला नाव विचारतो. एकाला ‘घर’ आणि दुसऱ्याला ‘प्रवास’ असे मराठीत नाव द्यावे, कारण तिकडे घाईत ‘प्रायमरी’ कोणते आणि ‘सेकंडरी’ कोणते, हा घोळ नेमका चुकीच्या सिमवर बोट नेतो. सांगलीत बसून पाहिल्यास ‘प्रवास’समोर नेटवर्क नसल्याचे दिसेल. पॅक तिकडचे असल्यामुळे हे स्वाभाविकच आहे. काही बिघडले असे समजून ई-सिम पुसून टाकू नये. बहुतेक कोड एकदाच चालतात, आणि पुसलेले ई-सिम त्याच कोडने पुन्हा बसत नाही.

यानंतरच्या तीन सेटिंग्जवर संपूर्ण खर्च अवलंबून असतो, म्हणून त्या घरच्या माणसांनी प्रवाशासोबत बसून कराव्यात. ‘घर’ या सिमचे डेटा रोमिंग बंद हवे. ‘प्रवास’ या सिमचे डेटा रोमिंग मात्र चालू हवे, कारण ही ई-सिम बहुधा त्या देशातल्या नेटवर्कवर रोमिंग करूनच चालतात. रोमिंग म्हणजे भुर्दंड या जुन्या धास्तीने पुष्कळ जण तेही बंद करतात आणि मग इंटरनेट लागत नाही म्हणून हैराण होतात. तिसरी गोष्ट म्हणजे एका सिमवर नेटवर्क कमी झाले की दुसऱ्याचा डेटा आपोआप वापरण्याची सोय. आयफोनमध्ये ती ‘अलाउ मोबाइल डेटा स्विचिंग’ या नावाने असते. ती बंदच ठेवावी, म्हणजे भारतीय सिमचा डेटा गुपचूप खर्च होणार नाही.

भारतीय नंबरवर बँकेचे ओटीपी परदेशात यायला हवे असतील, तर त्या नंबरची आंतरराष्ट्रीय रोमिंग सेवा निघण्यापूर्वी सुरू करून घ्यावी लागते आणि रिचार्जची मुदत परतीच्या तारखेपुढची असावी लागते. येणाऱ्या संदेशांना आणि येणाऱ्या कॉलला काय दर पडेल, हे कंपनीकडे विचारून घ्यावे. येणारा कॉल उचलला तरी पैसे पडू शकतात, हे घरातल्या सर्वांना सांगून ठेवावे आणि बोलणे व्हॉट्सअ‍ॅपवर करावे. व्हॉट्सअ‍ॅप जुन्याच नंबरवर चालू राहते. नंबर बदलायचा का, असे कुठे विचारले, तर नकार द्यावा. दुबईकडे जाणाऱ्यांसाठी एक वेगळी सूचना: संयुक्त अरब अमिरातीत व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलेले संदेश जातात, पण त्यावरून कॉल करण्यावर निर्बंध आहेत, त्यामुळे पोहोचल्याचे कळवण्याची रीत निघण्याआधीच ठरवून ठेवावी.

विमान उतरल्यावर फ्लाइट मोड काढावा, ‘प्रवास’ हे सिम चालू करावे आणि मोबाइल डेटासाठी तेच निवडावे. वाटेत दोहा किंवा दुबईला विमान बदलायचे असेल, तर जर्मनीचे पॅक तिथे चालणार नाही. तेवढ्यापुरते विमानतळाचे वाय-फाय वापरावे. मुक्कामी उतरूनही पाच-दहा मिनिटांत इंटरनेट आले नाही, तर आधी डेटा रोमिंग पाहावे, मग फोन बंद करून पुन्हा सुरू करावा, आणि तरीही जमले नाही तर नेटवर्क आपोआप निवडण्याची सोय काढून विक्रेत्याने सांगितलेले नेटवर्क हाताने निवडावे. पुढच्या दिवसांत डेटा पुरावा म्हणून फोटोंचा आणि व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअप फक्त वाय-फायवर ठेवावा. घरच्या गटांवर येणारे व्हिडिओ आपोआप उतरू देऊ नयेत.

फसवणुकीचा एक प्रकार या विषयाला येऊन भिडला आहे. कंपनीतून बोलतो असे सांगून कोणी आपल्या चालू भारतीय सिमचे ई-सिम करून देण्याची लिंक पाठवतो. ती दाबून मंजुरी दिली की आपला नंबर त्याच्या फोनमध्ये जातो आणि पाठोपाठ बँकेचे ओटीपीही तिकडेच जातात. प्रवासी ई-सिम घेण्यासाठी आपल्या भारतीय सिममध्ये कसलाही बदल करावा लागत नाही. म्हणून असा फोन आल्यास तो तिथेच बंद करावा, आणि ईआयडी किंवा ओटीपी कोणालाही सांगू नये.

परत आल्यावर मोबाइल डेटासाठी पुन्हा ‘घर’ हे सिम निवडावे आणि ‘प्रवास’ बंद करावे. त्याच पॅकमध्ये पुढे पैसे भरून ते पुन्हा वापरता येत असेल, तर ते फोनमध्ये तसेच राहू द्यावे. येत नसेल, तर मुदत संपल्यावर पुसून टाकावे.