सदोष तरीही लोभस असा ‘क्रल’ कसा पाहावा

१९८३ साली प्रदर्शित झालेला, पीटर येट्स यांनी दिग्दर्शित केलेला ‘क्रल’ पाहायला बसण्यापूर्वी एक गोष्ट मनाशी पक्की करावी. या कथेत तलवारी आणि किरणास्त्रे, भविष्य जाणणारा अंध द्रष्टा आणि अंतराळातून आलेला राक्षस एकत्र नांदतात, आणि हे सारे एका जागी कसे जमले याचा खुलासा कोणीही करत नाही. तो मागत बसलो, तर पहिल्या अर्ध्या तासातच चित्रपट हातातून निसटतो. गोष्ट ऐकताना उडत्या घोड्याचा मालक कोण, हे आपण विचारत नाही. इथेही टापांतून ज्वाळा फेकत धावणारे घोडे आहेत, आणि त्यांच्याकडे तशाच मोकळ्या मनाने पाहावे.

दोष आधीच मान्य करून टाकावेत, म्हणजे ते पुढे टोचत नाहीत. नायक कोल्विन डोंगरातल्या खदखदत्या लाव्हात हात घालून पाच पात्यांचे अस्त्र मिळवतो, पण गरज पडेपर्यंत ते वापरू नये असे त्याला बजावले जाते आणि ते जवळजवळ शेवटपर्यंत तसेच पडून राहते. पटकथेची ही मोठी उणीव आहे. खलनायकाला नेमके काय हवे आहे हेही धूसरच राहते. नायिकेची भूमिका करणाऱ्या लिसेट अँथनी यांचा आवाज नंतर लिंडसे क्राउस यांच्याकडून डब करून घेतला गेला, त्यामुळे चेहरा आणि आवाज यांत किंचित दुरावा जाणवतो.

पहिल्यांदा पाहताना शक्य तितका मोठा पडदा आणि चांगले स्पीकर वापरावेत, कारण या चित्रपटाचा अर्धा प्राण त्याच्या संगीतात आहे. जेम्स हॉर्नर यांनी तिशी गाठण्याआधीच हे संगीत रचले, आणि लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्राने ते असे वाजवले आहे की पटकथेला न पेलवलेली भव्यता सुरांनी पेलली आहे. लुटारूंच्या टोळीतला तरुण लियम नीसनही ओळखून ठेवावा. पाहताना मौज वाटते.

मात्र सारे लक्ष राखून ठेवावे ते कोळीकिड्याच्या जाळ्यात राहणाऱ्या विधवेच्या प्रसंगासाठी. राक्षसाने नायिकेला जिथे कोंडले आहे त्या, रोज सूर्योदयाला जागा बदलणाऱ्या काळ्या किल्ल्याचा ठावठिकाणा विचारायला कोल्विनचा मार्गदर्शक, वृद्ध यिनिर तिच्याकडे जातो. ती एकेकाळची त्याची प्रेयसी असते. तिने हाती घेतलेल्या वाळूच्या घड्याळातून वाळू गळत असेपर्यंतच तो महाकाय, स्फटिकासारखा कोळी हल्ला न करता थांबणार असतो. स्टॉप-मोशन पद्धतीने, म्हणजे प्रतिकृती थोडीथोडी हलवून एकेक चित्र टिपत, चालवलेला हा कोळी थोडा अडखळत चालतो. ते खटकून घेऊ नये, कारण त्या अडखळण्यामुळेच तो अधिक परका आणि भीतिदायक वाटतो. पुढे ती घड्याळ फोडून त्यातली वाळू यिनिरच्या मुठीत देते, म्हणजे स्वतःचे रक्षण त्याच्या हवाली करते. ती मूठ आवळून, बोटांच्या फटींतून सांडणाऱ्या कणाकणाबरोबर आयुष्य ओसरत असताना तो परत येतो. फ्रेडी जोन्स आणि फ्रान्सेस्का ॲनिस हे दोघे इथे जराही हातचे राखून अभिनय करत नाहीत. माझ्या मते या काही मिनिटांसाठी संपूर्ण चित्रपट पाहावा, आणि त्या वेळी फोन दूर ठेवावा.

एकाक्ष रेल याच्याकडेही असेच पाहावे. आपल्या मृत्यूची वेळ आधीच ठाऊक असलेला हा प्रचंड देहाचा माणूस ती वेळ ओलांडून मित्रांच्या मदतीला येतो, आणि बर्नार्ड ब्रेसलॉ यांनी त्याला मोठे भाषण न देताच त्याचे दुःख उभे केले आहे.

दुसऱ्यांदा पाहताना सुरुवातीच्या विवाहविधीवर नजर ठेवावी. त्यात मशालीची ज्योत पाण्यात विझवली जाते, वधू ती पाण्यातून पुन्हा बाहेर काढते, आणि ती वराच्या हाती पोहोचण्याआधीच हल्ला होतो. अंतिम लढतीत पाच पात्यांचे अस्त्र निकामी ठरते, तेव्हा हाच अर्धवट राहिलेला विधी पूर्ण होतो आणि ती ज्योत कोल्विनच्या हातात येते.