डी-२ चं पोनी इंजिन खोलायच्या आधी

पाना हातात घेण्यापूर्वी सिरियल नंबर कागदावर उतरवून घ्या. कॅटरपिलर डी-२ हा ट्रॅक्टर १९३८ ते १९५७ या काळात बनला. त्याचं मोठं डिझेल इंजिन चालू करायला जे छोटं पेट्रोल इंजिन जोडलेलं असतं, तेच पोनी. नंबराच्या सुरुवातीला ३जे आहे, ५जे आहे, ४यू आहे की ५यू, हे न बघता मागवलेला सुटा भाग बसेलच असं नाही. त्या नंबराचं सर्व्हिस मॅन्युअल आणि पार्ट बुक दोन्ही मिळेपर्यंत थांबा. थांबल्याने काही बिघडत नाही, घाईत मोडलेलं कास्टिंग (ओतीव भाग) मात्र सहज मिळत नाही.

मग दुखणं नेमकं कुठे आहे ते ठरवा. पोनी छान चालतं पण लोड आल्यावर डिझेल इंजिन फिरवत नाही, तर आधी पोनीला डिझेलशी जोडणाऱ्या क्लचची मूठ बघा. ती शेवटी जोर लावून टक्कन बसली पाहिजे. लोण्यासारखी सरकत असेल तर पुष्कळदा ॲडजस्टिंग कॉलर थोडी फिरवून भागतं. मूठ सोडूनही पिनियन, म्हणजे डिझेलचं फ्लायव्हील फिरवणारं छोटं दातेरी चाक, फिरतच राहतो आणि फ्लायव्हीलच्या दात्यांवर करकरतो, तर क्लचचा ब्रेक झिजलेला असतो, नाहीतर वर्षानुवर्षं उभ्या मशीनमध्ये प्लेटा एकमेकींना चिकटलेल्या असतात. अशा वेळी पोनीचं सिलिंडर हेड उचलणं म्हणजे निरोगी माणसाचं पोट फाडणं.

पोनीची डिपस्टिक काढून नाकाशी धरा. पेट्रोलचा वास आला, ऑइल बोटावर पाण्यासारखं पातळ लागलं, की ते सगळं काढून टाका. कार्बोरेटरचा फ्लोट (पेट्रोलची पातळी राखणारा तरंगता भाग) गळला आणि टाकीचा कॉक उघडा राहिला की पेट्रोल सरळ खाली उतरतं, आणि तशा ऑइलवर बेअरिंग टिकत नाहीत. म्हणून कार्बोरेटरचं किट यादीत आधी लिहा. हेड काढायचंच ठरलं तर रेडिएटर पूर्ण रिकामा करा, कारण दोन्ही इंजिनांचं पाणी एकच.

पाने इंची लागतील, मिलिमीटरचे बोल्टची डोकी खातात. पुलर, फटी मोजायच्या पात्या (फीलर गेज), गंज सोडवणारं ऑइल, घासलेटचा डबा, आणि पिशव्यांवर लिहायला मार्कर एवढं जमवा. जुन्या गॅस्केटमध्ये आणि लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं, तेव्हा हवा मारू नका, ओल्या चिंधीने पुसा.

सगळ्यात जास्त वेळ पिनियनच्या लॅचला, म्हणजे त्याला फ्लायव्हीलमध्ये अडकवून ठेवणाऱ्या खिट्यांना द्या. डिझेल पेटून वेग घेतं तेव्हा हेच लॅच सुटतात आणि पिनियन मागे सरकतो. ते गंजून अडकले तर डिझेल उलट पोनीलाच फिरवतं, आणि छोटं इंजिन काही क्षणांत फुटतं. लॅच घासलेटमध्ये धुवा, बोटाने दाबून सोडा, स्प्रिंगने झटक्यात परत यायला हवेत. हाताने डिझेल फिरवत रिंगगिअरचा (फ्लायव्हीलभोवतीच्या दातेरी कड्याचा) पूर्ण वेढा बॅटरीच्या उजेडात तपासा. इंजिन ठरावीक जागीच थांबत असल्याने दाते त्या जागी जास्त झिजतात.

पोनीला ठिणगी देणारा मॅग्नेटो बाकावर फिरवून ठिणगी बघून घ्या, गरम झाल्यावर परत एकदा बघा, कारण जुनी कॉइल गरम झाली की दगा देते. चाचणीच्या दिवशी डिझेलचा लिव्हर बंद ठेवा, डिझेलचं कॉम्प्रेशन लिव्हरने सोडलेलं ठेवा. पोनी चालू करायची दोरी हाताला गुंडाळू नका, आणि हँडल असेल तर अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवा. मॅग्नेटो बंद करायचं बटण खरोखर ठिणगी तोडतं का, ते पेट्रोल सोडायच्या आधीच बघून घ्या.