सांडपाण्यातून वीज : मायक्रोबियल फ्युएल सेल उभारताना या चुका टाळा

प्रकल्पासाठी मायक्रोबियल फ्युएल सेल (जिवाणूंच्या साहाय्याने सांडपाण्यातून वीज मिळवणारे उपकरण) बांधणारे विद्यार्थी मल्टिमीटर थेट दोन तारांना लावतात आणि ०.७ व्होल्ट दिसताच सेल चालू झाला असे मानतात. भार जोडलेला नसताना दिसणाऱ्या या आकड्यावरून वीज किती मिळेल, हे कळत नाही. १,००० ओहमचा रेझिस्टर जोडून त्याच्या दोन टोकांमधील व्होल्टेज मोजावे. ते ०.३५ व्होल्ट भरले, तर प्रवाह ०.३५ मिलिॲम्पिअर आणि शक्ती जेमतेम ०.१२ मिलिवॉट होते. नोंदवहीत हाच आकडा लिहावा.

सर्वाधिक नुकसान ऑक्सिजनमुळे होते. सेंद्रिय द्रव्याचे विघटन करताना सुटणारे इलेक्ट्रॉन जिओबॅक्टरसारखे जिवाणू ॲनोडला, म्हणजे सेलच्या ऋण इलेक्ट्रोडला, देतात. परंतु ॲनोडच्या कप्प्याच्या झाकणाच्या फटीतून हवा शिरली, की गाळातील इतर जिवाणू तेच द्रव्य ऑक्सिजनच्या साहाय्याने संपवतात आणि जिओबॅक्टर मागे पडतो. सांडपाणी स्वच्छ होत राहते, सीओडी (पाण्यातील सेंद्रिय द्रव्याचे रासायनिक ऑक्सिडीकरण करायला लागणाऱ्या ऑक्सिजनचे माप) उतरतो, प्रवाह मात्र घसरतो. त्यामुळे केवळ सीओडी पाहून सेलची पारख करणे मला धोक्याचे वाटते. झाकण हवाबंद असूनही असेच घडत असेल, तर मिथेन तयार करणाऱ्या सूक्ष्मजीवांवर संशय घ्यावा आणि बाहेर जोडलेल्या रेझिस्टरचा रोध टप्प्याटप्प्याने कमी करून पाहावा.

ॲनोडच्या कप्प्यात तांब्याची तार घालू नये. सल्फाइडमुळे ती काळी पडते, विरघळलेले तांबे जिवाणूंना मारक ठरते आणि गंजण्यातून येणारा प्रवाह जिवाणूंचाच समजला जातो. टायटॅनियमची किंवा स्टेनलेस स्टीलची तार वापरावी, आणि निर्जंतुक केलेल्या सांडपाण्यावर तसाच दुसरा सेल तुलनेसाठी चालवावा.

गोबर गॅस संयंत्रातील स्लरी घातल्यावर ॲनोडवर जिवाणूंचा थर बसायला कित्येक दिवस, कधी काही आठवडेही लागतात. त्या काळात रोज पाणी बदलून किंवा ॲनोड घासून तो थर मोडू नये.

एलईडी पेटवण्याच्या घाईत अनेक सेल सिरीजमध्ये जोडले जातात. त्यांपैकी एखाद्याला अन्न कमी पडले, तर त्याची ध्रुवता उलटते आणि तो इतरांची वीज खाऊ लागतो. अशा वेळी प्रत्येक सेलचे व्होल्टेज वेगळे मोजावे, ऋण आकडा दाखवणारा सेल लगेच बाजूला काढावा, आणि उरलेले समांतर जोडून बूस्ट कन्व्हर्टरने व्होल्टेज वाढवावे.