एनएफएसवर फोल्डर शेअर करताय? या चुका टाळा

बेळगावच्या उद्यमबागेतल्या वर्कशॉपची ड्रॉइंग असोत की शहापुरातल्या छापखान्याची पानं, सगळ्यांच्या फाइल्स एका लिनक्स सर्व्हरवर ठेवायच्या तर एनएफएससारखा (नेटवर्क फाइल सिस्टिम, म्हणजे सर्व्हरवरचं फोल्डर नेटवर्कवरून इतर मशीनवर वापरायची सोय) बिनखर्ची मार्ग नाही. १९८४ साली सन मायक्रोसिस्टिम्सने तो आणला. नेहमीच्या सेटिंगमध्ये तो आजही समोरच्या मशीनच्या शब्दावर विश्वास ठेवतो, आणि बऱ्याच भानगडी तिथूनच सुरू होतात.

सगळ्यात घातक चूक एका स्पेसची. कुठलं फोल्डर कोणाला द्यायचं ते सर्व्हरवरच्या एक्सपोर्ट्स फाइलमध्ये लिहितात. त्यातली ही ओळ बरोबर आहे (आरडब्ल्यू म्हणजे वाचायची आणि लिहायची मुभा):

/ड्रॉइंग १९२.१६८.१.०/२४(आरडब्ल्यू)

पत्ता आणि कंस यांच्यामध्ये स्पेस पडली की अर्थच फिरतो. तुमच्या ऑफिसला फक्त वाचायची मुभा उरते, आणि सर्व्हरपर्यंत पोचणाऱ्या बाकी कुठल्याही मशीनला लिहायची मुभा मिळते. 'सेव्ह होत नाही' अशी तक्रार येते, मग कुणीतरी सीएचमॉड ७७७ मारतो, म्हणजे फोल्डरवर सगळ्यांना सगळी मुभा देतो. सेव्ह तरीही होत नाही, उलट दार सताड उघडं पडतं. आधी एक्सपोर्टएफएस -व्ही चालवा, कुठलं फोल्डर कोणाला दिलंय त्याची यादी दिसते. यादीत 'वर्ल्ड' दिसलं तर ती स्पेस काढा आणि बदल लागू करायला एक्सपोर्टएफएस -आरए द्या.

दुसरी गोष्ट युजर आयडीची. सर्व्हर नाव बघत नाही, आकडा बघतो. उबुंटूवर पहिल्या युजरला १००० हाच आकडा मिळतो. म्हणजे हिशेबाच्या टेबलावरच्या बाई आणि डिझाइन करणारा मुलगा, दोघांनी आपापल्या मशीनवर पहिलं खातं उघडलं असेल तर सर्व्हरच्या लेखी दोघं एकच. एकाने उडवलेली फाइल दुसऱ्याची निघते. प्रत्येकाला सगळीकडे एकच, पण इतरांपेक्षा वेगळा आकडा द्या.

दुसऱ्या मशीनवरून बॅकअप रूटने (सगळे अधिकार असलेल्या युजरने) चालत नाही म्हणून, त्या मशीनच्या रूटला सर्व्हरवरही रूटचेच अधिकार देणारं नो-रूट-स्क्वॉश लावू नका. बॅकअप सर्व्हरवरच चालवा.

आता लाईटचं. पावसाळ्यात खानापूर भागात लाईट गेली, सर्व्हर बंद पडला, की क्लायंट (सर्व्हरवरचं फोल्डर वापरणारी मशीन्स) अडकून बसतात. डिस्कवरची जागा दाखवणारी डीएफ कमांडसुद्धा परत येत नाही. वैतागून लोक सॉफ्ट माउंट करतात (माउंट म्हणजे सर्व्हरवरचं फोल्डर आपल्या मशीनला जोडणं). कृपा करून करू नका. सॉफ्टमध्ये ठरावीक वेळ झाली की प्रोग्रामला एरर मिळते आणि लिहिली जाणारी फाइल अर्धवट राहू शकते. हार्ड माउंट थांबून राहतो, सर्व्हर आला की काम पुढे सुरू होतं. वेग वाढतो म्हणून एक्सपोर्टला एसिंक लावणंही आपल्याकडे परवडणारं नाही; डिस्कवर पोचण्याआधीच 'लिहिलं' असं उत्तर जातं आणि लाईट गेली की तेवढा डेटा गेलाच. सर्व्हर यूपीएसवर असतो, पण नेटवर्क स्विच बऱ्याचदा साध्या प्लगवरच राहतो, तोही यूपीएसवर घ्या. लाईट आल्यावर क्लायंट आधी उठून सर्व्हरची वाट बघत बूटमध्येच अडकू नये म्हणून क्लायंटच्या एफएसटॅब फाइलमध्ये (बूट होताना काय माउंट करायचं त्याची यादी) नोफेल आणि _नेटडेव्ह हे पर्याय ठेवा.

क्लायंटवर 'स्टेल फाइल हँडल' अशी एरर दिसली तर सर्व्हरवर ते फोल्डर कुणी उडवून नव्याने केलंय किंवा डिस्क बदललीय का ते विचारा. बहुतेक वेळा अनमाउंट करून पुन्हा माउंट केलं की भागतं.