आवाज फाटला की लगेच कमी करा, घरातले स्पीकर जपायचे कसे

चुलत भावाच्या हळदीला सांगलीत विश्रामबागच्या घरी गच्चीवर आमचेच घरातले स्पीकर नेऊन लावले होते, वडिलांनी हौसेनं घेतलेले, आणि त्याला अँप्ली, म्हणजे आवाज मोठा करणारा अँप्लिफायर, होता साधा ३० वॅटचा. पोरं नाचायला लागली की जो तो येता जाता आवाज अजून थोडा वाढवून जायचा, बास फुल, ट्रेबल फुल, मोबाईलमधनं पण फुल. मला खाली ऐकू येत होतं की आवाज चिरकायला लागलाय, पण पंगत बसलेली, वाढायला माणसं कमी, त्यामुळं वर जायला अर्धा तास गेला आणि जिन्यातच वास आला, वार्निश जळल्यासारखा. दोन्ही ट्वीटर, म्हणजे डब्यातले बारीक आवाजाचे छोटे स्पीकर, गेले.

दुसऱ्या दिवशी मिरजेत ओळखीच्या मिस्त्रींकडं घेऊन गेलो. त्यांनी चार स्क्रू काढले, ट्वीटरची घुमटी अलगद उचलली आणि खालची कॉइल माझ्या तळहातावर ठेवली. अंगठीएवढी गोल, त्याच्यावर केसासारखी बारीक तांब्याची तार गुंडाळलेली, अर्धी तांबडी आणि अर्धी काळीभोर, वरचा गोंद उकळून त्याला फोड आलेले आणि एका जागी तार तुटून वर आलेली. मी म्हटलं अहो पण स्पीकरवर तर १०० वॅट लिहिलंय आणि अँप्ली ३० चाच आहे, मग जळला कसा? ते म्हणाले, "छोटा अँप्ली फुल करून वाजवला म्हणूनच जळला. मोठा अँप्ली निवांत वाजवला असता तर काय बी झालं नसतं."

हे बऱ्याच जणांना पटत नाही म्हणून नीट सांगतो. स्पीकर म्हणजे मॅग्नेटच्या अरुंद फटीत ही कॉइल पुढं मागं हलत असते आणि तिच्याबरोबर पुढचा कागद हलतो, त्यालाच कोन म्हणतात. आपण जी वीज स्पीकरला देतो त्यातली साधारण एक-दोन टक्केच आवाज होते, बाकी सगळी त्या बारीक तारेत उष्णता होऊन बसते. आता अँप्लीची ताकद संपली आणि आपण अजून वाढवत गेलो की तो आवाजाच्या लाटेचं वरचं टोक आणि खालचं टोक सपाट कापून टाकतो, ह्यालाच क्लिपिंग म्हणतात, आणि तेच आपल्याला फाटल्यासारखं ऐकू येतं. पूर्ण कापलेल्या लाटेत तोच ३० वॅटचा अँप्ली जवळजवळ दुप्पट वीज ढकलतो, आणि कापलेल्या कडांमधनं बारीक किरकिरा आवाज तयार होतो तो सगळा ट्वीटरच्या वाट्याला जातो. १०० वॅट लिहिलेलं असतं ते सगळ्या डब्याला मिळून, आतल्या ट्वीटरला गाण्यातली अगदी थोडीच ताकद येईल असं धरून तो बनवलेला असतो. म्हणून पहिला तोच जातो.

तर सगळ्यात महत्त्वाचं हेच, आवाज फाटायला लागला, चिरकला, बासला भक भक करून कागद आपटल्यासारखं झालं की त्या क्षणी कमी करा. "एवढं गाणं संपू दे" असं म्हणू नका. स्पीकर मरायच्या आधी सांगतो, आपण ऐकून घेत नाही. नॉब निम्म्यावर आहे म्हणजे अँप्ली निम्म्या ताकदीवर आहे असंही नसतं, मोबाईलमधनं जोरात सिग्नल येत असेल तर निम्म्यावरच त्याची ताकद संपलेली असते, त्यामुळं नॉबकडं बघू नका, कान द्या. बास आणि ट्रेबल शक्यतो मधेच ठेवा. बास १० डेसिबल वाढवला म्हणजे त्या पट्ट्यात दहापट वीज मागितली, आणि ३ डेसिबल म्हणजे दुप्पट, हे एकदा डोक्यात बसलं की माणूस आपोआप सांभाळून हात लावतो. गच्चीवर, मांडवात, अंगणात घरचे स्पीकर कधीच पुरत नाहीत कारण आवाज परत यायला भिंतीच नसतात, तिथं भाड्यानं मोठे आणा आणि घरचे घरात ठेवा. हे मी आता घरात सगळ्यांना सांगून ठेवलंय.

वायरचं काम करताना अँप्ली बंद पाहिजे, नुसता आवाज कमी करून चालत नाही. वायरचं टोक सोललं की सगळे धागे पीळ देऊन एकत्र करा, एक जरी धागा बाहेर राहून शेजारच्या टर्मिनलला टेकला तर शॉर्ट होऊन अँप्ली जातो. लाल ते लाल, काळा ते काळा. एका स्पीकरला उलटं जोडलं तर जळत काही नाही पण दोन्ही स्पीकर एकमेकाच्या विरुद्ध हलतात, बास गायब होतो, आणि मग लोक बास येत नाही म्हणून नॉब वाढवत बसतात. शंका आली तर अँप्लीची वायर काढून १.५ व्होल्टचा पेन्सिल सेल घ्या, सेलचा प्लस लाल टर्मिनलला, मायनस काळ्याला, नुसतं टेकवून लगेच काढा, वूफर, म्हणजे डब्यातला बासचा मोठा स्पीकर, टक करून हलतो, दोन्ही स्पीकरचे वूफर एकाच बाजूला हलले पाहिजेत. आणि एकाच आउटपुटला दोन दोन स्पीकर जोडायची सवय असेल तर अँप्लीच्या मागं किती ओहम (विजेला होणाऱ्या अडथळ्याचं माप) लिहिलंय ते आधी वाचा, ८ ओहमचे दोन समांतर जोडले की ४ होतात, अजून एक जोडला की आणखी कमी, आणि जो अँप्ली ८ साठीच आहे तो तापून मरतो, मरता मरता कधी कधी स्पीकरलाही घेऊन जातो.

चालू करताना मोबाईल, टीव्ही, प्लेअर आधी आणि अँप्ली सगळ्यात शेवटी, बंद करताना अँप्ली पहिला. उलटं केलं की स्पीकरमधनं जो धप्प करून आवाज येतो तो वूफरला बसलेला धक्का असतो. ऑक्सची पिन काढताना घालताना पण आवाज शून्यावर.

आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये वळीव येतो, दुपारी चार-पाचला आभाळ भरून येतं, लाईट जाते येते जाते येते. लाईट गेली की अँप्लीचं बटण बंद करा, आल्यावर पाच-दहा मिनिटं थांबून मग लावा. कडकडाट सुरू झाला तर बटण बंद करून भागत नाही, प्लगच काढायचा, आणि डिश किंवा केबलची वायर टीव्हीमधनं अँप्लीला जात असेल तर ती पण काढायची, कारण झटका तिकडनं सुद्धा येतो. स्पाइक गार्ड लावा जरूर, पण जवळ वीज पडली तर त्याच्या भरवशावर राहू नका.

साफसफाईचं थोडक्यात. पुढची जाळी निघत असेल तर काढून कोरड्या मऊ ब्रशनं, रंगाच्या ब्रशसारखा नवा ब्रश चालतो, कागदावरची धूळ मधनं बाहेर अशी हलकेच झटका. ओलं फडकं नाही, काच पुसायचा स्प्रे नाही. ट्वीटरला तर हात पण लावू नका, त्याची घुमटी रेशमी कापडाची नाहीतर अगदी पातळ पत्र्याची असते, व्हॅक्युम क्लीनर लावला की चिमटून वर येते. लहान पोरांचं बोट बरोब्बर वूफरच्या मधल्या टोपीवर जातं, टोपी आत गेली तर घाबरू नका, आवाज सहसा बिघडत नाही, चिकटपट्टी हलकी चिकटवून बाहेर ओढून बघा, नाही आली तर राहू द्या.

देवघराच्या शेजारी स्पीकर ठेवायचा टाळा, धूप-उदबत्तीचा धूर आणि फोडणीचा तेलकट वास दोन्ही कागदावर बसतात आणि त्याच्यावर धूळ चिकटून असा थर होतो की ब्रशनं निघत नाही. खंडेनवमीला आमच्या घरी स्पीकरची पण पूजा होते आणि ती व्हायलाच पाहिजे, फक्त हळदकुंकू डब्याच्या लाकडाला वरच्या बाजूला लावा, फूल वर ठेवा, आणि पाणी शिंपडताना तेवढी जाळी चुकवा. सांगलीची हळद एकदा कागदात मुरली की जन्मात निघत नाही.

आता ओलावा. उष्णतेनंतर दुसरा शत्रू हाच, आणि कृष्णाकाठी राहणाऱ्याला, त्याहून जास्त सातारा-महाबळेश्वरकडच्या लोकांना, हे सांगायची गरज नाही की पावसाळ्यात भिंतीला कशी ओल येते. डबा बहुतेक वेळा एमडीएफचा, म्हणजे लाकडाचा लगदा दाबून केलेल्या फळीचा, किंवा भुश्शाच्या बोर्डाचा असतो, तो खालच्या कडेनं पाणी ओढतो आणि फुगतो, एकदा फुगला की परत बसत नाही. म्हणून थेट फरशीवर ठेवू नका, खाली स्टँड घ्या नाहीतर कडप्प्याचा तुकडा आणि त्याच्यावर रबराचे बूड लावा, भिंतीपासून फूटभर पुढं, आणि पश्चिमेच्या खिडकीतनं ऊन थेट पडणार नाही असं बघा. मिरजेत तंबोऱ्याचं काम करणारे लोक भोपळ्याला आणि लाकडाला ओल लागू नये म्हणून जेवढं जपतात ते बघून मला नेहमी वाटतं, आपण स्पीकरला नुसतं यंत्र समजतो, ते पण शेवटी लाकूड आणि कागदच आहे.

वूफरच्या कडेची रिंग बघत जा. जुन्या स्पीकरला ती फोमची असते आणि आपण वाजवा नाहीतर कपाटात ठेवा, दहा-वीस वर्षांत हवेतल्या ओलाव्यानं आणि उन्हानं ती आपोआप सडते. वडिलांच्या स्पीकरला मी बोट लावलं तर काळा चिकट चुरा बोटाला आला, डाळिंबाच्या सुकलेल्या सालीसारखी ती रिंग तुटत होती. अशा वेळी वाजवत राहिलात तर कॉइल तिरकी होऊन मॅग्नेटला घासते आणि मग सगळंच जातं, तेव्हाच थांबवून रिंग बदलून घेतली तर आख्खा वूफर वाचतो. घासतंय का ते बघायला कागदाच्या दोन्ही बाजूंना बोटं समान टेकवून दोन-तीन मिलिमीटर आत ढकला, खरखर आली तर कॉइल घासतेय. रबराची रिंग असेल तर ती कितीतरी जास्त टिकते, जुने स्पीकर विकत घेताना हे पहिलं बघा, आणि मल्टीमीटर असेल तर ८ ओहमच्या वूफरला साधारण ६ दाखवायला पाहिजे, ४ वाल्याला तीन-साडेतीन, काटा हललाच नाही तर कॉइल तुटली.

मागं गोल भोक असलेल्या डब्यात उंदीर जातो, खोटं नाही, आतला कापूस त्याला आयताच मिळतो. बरेच दिवस वाजवणार नसाल तर भोकाला जाळीचा तुकडा लावून ठेवा आणि वाजवताना काढा.

शेवटचं पुराचं. २०१९ आणि २०२१ ला ज्यांच्या घरात पाणी आलं त्यांना माहितीय की सामान हलवायला वेळ कमी पडतो. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी ४० फूट म्हणजे इशारा पातळी आणि ४५ म्हणजे धोका, २०१९ ला तर ५७ च्या वर गेलं होतं. पातळी चाळिशीकडं सरकायला लागली की बाकी सामानाबरोबर स्पीकर आणि अँप्ली पण माडीवर न्या, वायरींना कागदी चिठ्ठ्या लावून ठेवा म्हणजे परत जोडताना गोंधळ होत नाही. आणि भिजलेच तर चालू करून बघायचा मोह आवरा. अँप्ली तर मिस्त्रींनी उघडून, धुऊन, पूर्ण सुकवून तपासल्याशिवाय प्लगला लावायचाच नाही. स्पीकरमधला वूफर स्क्रू काढून डब्यातनं वेगळा करा, कागद प्लास्टिकसारखा आणि रिंग रबराची असेल तर स्वच्छ पाण्यानं गाळ हळू धुऊन सावलीत पंख्याखाली आठ-दहा दिवस सुकवा, मग वर सांगितलं तसं दाबून बघा आणि मल्टीमीटर लावा. साधा कागद असेल तर तो गळून पडलेला असतो, तिथं नवीन कागद-कॉइल बसवून घ्यावी लागते. डबा एमडीएफचा असेल तर त्याच्यावर पैसे घालू नका, त्याच मापाचा प्लायवूडचा सुताराकडनं करून घ्या, आतली लांबी-रुंदी-खोली आणि भोकाची नळी जुन्याइतकीच ठेवायला सांगा.