पोस्टग्रेस डेटाबेसचं नेमकं व्हर्जन कसं बघायचं

बरेच जण टर्मिनलवर पीएसक्यूएल डॅश डॅश व्हर्जन मारतात आणि तोच आकडा सांगून मोकळे होतात, पण तो क्लायंटचा, म्हणजे डेटाबेसला जोडणाऱ्या तुमच्याकडच्या टूलचा असतो हो, सर्व्हर भलत्याच व्हर्जनवर असू शकतो. म्हणून आधी डेटाबेसला कनेक्ट व्हा आणि शो सर्व्हर अंडरस्कोर व्हर्जन ही क्वेरी चालवा. समजा 16.4 आलं, तर 16 हे मेजर म्हणजे मुख्य व्हर्जन आणि 4 म्हणजे पॅच लेव्हल, छोट्या दुरुस्त्यांचा आकडा. 2017 मध्ये व्हर्जन 10 आलं तेव्हापासून असं आहे, त्याआधी 9.6.3 मध्ये 9.6 मिळून मेजर धरायचे.

अजून एक गोची, पॅच टाकला पण सर्व्हिस रीस्टार्टच केली नाही तर डिस्कवर नवीन फाईली असतात आणि चालू मात्र जुनंच असतं, तेव्हा पॅकेज मॅनेजर (सॉफ्टवेअर इन्स्टॉल करणारं टूल) दाखवतो त्या आकड्यावर विसंबू नका, क्वेरीचंच उत्तर खरं धरा.